गाडीचे दार दोरीने बांधू नका
(वाई येथील बैठकीत केलेले भाषण)



मालाला भाव नाही म्हणून गाडी जुनी, आणि गाडी जुनी म्हणून तिचे दार सुतळीने बांधलेले. भुईंजच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या, पाचगणीची स्ट्रॉबेरी पसरणी घाटाने खाली आणणाऱ्या अशा गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

घाटात उजवे वळण आले की शेजारी बसलेला माणूस डाव्या दारावर जातो. लॉक झिजलेले असेल तर दार उघडते. माझा मुलगा असाच बाहेर लोंबकळला. हात दांडीला होता म्हणून वाचला. बांधलेले दारही धोक्याचेच. गाडी उलटली तर आतल्या माणसाला ते उघडता येत नाही.

दुरुस्ती अवघड नाही, पण क्रम चुकवू नका. आधी बिजागरी बघा. दार अर्धे उघडा, मागची कड हाताने वर उचला. ती हलली तर पिन आणि बुश झिजले आहेत. दाराखाली जॅक आणि लाकडी ठोकळा लावून ते बदला. दार लोंबत असेल तर नवे लॉकही नीट बसणार नाही.

मग लॉक डिझेलने धुवा. दार उघडे ठेवूनच त्याची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने आत दाबा. बहुतेक लॉकमध्ये दोन खटके ऐकू येतात. दुसऱ्या खटक्यानंतर जीभ ओढून बघा. हँडल ओढल्याशिवाय ती सुटता कामा नये. सुटत असेल तर स्प्रिंग बघा. जिभेची कड गोल झाली असेल तर लॉकच बदला. वेल्डिंगने भर घालू नका. तापल्यावर त्या पोलादाचा कडकपणा जातो. तपासून झाले की हँडल ओढून जीभ मोकळी करा, मगच दार लावा.

शेवटी चौकटीवरची पट्टी. तिची जागा खडूने आखून घ्या, स्क्रू सैल करा, थोडी थोडी सरकवा आणि घट्ट आवळा. दार न आपटता दुसऱ्या खटक्यापर्यंत बसले पाहिजे. मग ग्रीस लावा.

भावासाठी आपण लढतोच आहोत, पुढेही लढू. पण भाव मिळेपर्यंत पोरांचा जीव सुतळीवर टांगून ठेवता येणार नाही. बैठक संपली की बाहेर उभ्या असलेल्या आपापल्या गाडीचे दार एकदा हाताने उचलून बघा. आणि सुतळी असेल, तर घरी गेल्यावर पहिले काम तेच.