प्रत्येक वस्ती नकाशावर यावी
(हितचिंतकांच्या सभेत दिलेले भाषण)



आज मी नकाशाविषयी बोलणार आहे. आरोग्याच्या कामात नकाशा कशाला, असे काहींना वाटेल. म्हणून आधी एका पाळकाची गोष्ट सांगतो.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांना ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याचा संशय होता. मृत्यू झालेली घरे त्यांनी नकाशावर मांडली. तिथले साहाय्यक पाळक हेन्री व्हाइटहेड यांना हे पटले नाही. स्नो यांचे म्हणणे खोडून काढायला ते घरोघरी फिरले आणि पुरावा त्यांनाच सापडला. पंपाजवळच्या घरातील आजारी बाळाचे लंगोट धुतलेले पाणी विहिरीत झिरपत होते. नकाशाने जागा दाखवली. कारण सापडले ते घरोघरच्या भेटींतून.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यालाही या दोन्ही गोष्टी हव्यात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत कोरकू, भिलाला, निहाल बांधवांच्या वस्त्या आहेत. शासकीय निकषानुसार मैदानी भागात ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. पण लोकसंख्येच्या आकड्यात नाला दिसत नाही. पूर आला की चार किलोमीटरची वाट बंद होते. आशाताईला हे ठाऊक असते. बैठकीतल्या साहेबांनाही ते दिसायला हवे.

मोबाइलच्या जीपीएसने वस्ती, हातपंप, अंगणवाडी, नाला यांची नोंद करता येते. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशात कोणीही भर घालू शकतो. मग लसीकरण कुठे ठेवायचे, रुग्णवाहिका कुठपर्यंत येईल, दिवस भरत आलेल्या बहिणीला पावसाआधी कुठे हलवायचे, हे वेळेवर ठरवता येते.

खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. कोणत्या विहिरीचे पाणी किती खारे आणि कोणत्या गावात किती रुग्ण, हे एकाच नकाशावर मांडले तर तपासणी कुठून सुरू करायची ते कळते. मात्र नकाशा म्हणजे निदान नव्हे. पाणी प्रयोगशाळेत आणि रुग्ण डॉक्टरांकडे गेलाच पाहिजे.

एक पथ्य आपण पाळावे. क्षयरोग्याचे घर सर्वांना दिसेल अशा नकाशावर कधीही दाखवू नये. आजारापेक्षा बदनामीने माणूस अधिक खचतो. गावाचा आकडा पुरे, नाव नको. नोंद करण्याआधी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी.

तुमच्याकडे मागणे एवढेच. मंडळीतल्या तरुणांनी सुट्टीतले दोन दिवस आशाताईंसोबत फिरण्यासाठी द्यावेत. घरी चालू स्थितीतला जुना मोबाइल पडून असेल तर तो द्यावा. पावसाळ्यापूर्वी जेवढ्या वस्त्या नोंदवू, तेवढ्या वस्त्यांच्या वाटा आरोग्य केंद्राला आधीच माहीत असतील. या कामासाठी प्रार्थना करा आणि जमेल त्यांनी सोबत चाला.