मोजणीला म्हातारे पुढे, पोरे बरोबर
(वनहक्क समित्यांच्या शिबिरातले बोलणे, लिहून काढलेले)



आधी आमची कार्यकर्त्यांची चूक सांगतो. पावसाच्या आत दावे भरायचे म्हणून घाई होती. शिकलेल्या पोरांच्या हाती जीपीएस मशीन दिले आणि म्हटले, चला, उरका. म्हाताऱ्यांना म्हटले, उन्हात कशाला दमता, घरी बसा. ते बसले. रागानेच बसले.

एका पाड्यावर पोरांनी दोन दिवसांत सगळे प्लॉट मोजले. ग्रामसभेत यादी वाचली, तर मागून एक म्हातारी म्हणाली, "आनि ओढ्यापलीकडचं कोन मोजील?" तिथे तिच्या सासऱ्याच्या घराचे जोते आहे, दगडी बांध आहे, जुनी विहीर आहे. पोरांना नुसती झुडपे दिसली. नियम 13 मध्ये पुरावा म्हणून हेच तर लिहिले आहे : घर, बांध, विहीर, स्मशान, देवाची जागा. मग पुन्हा मोजणी केली. या वेळी म्हातारी पुढे आणि मशीनवाला पोरगा तिच्या मागे.

पण पोरांचीही तक्रार खरी आहे. पोरगे बोलायला उठले की "कालचं पोर तू" म्हणून खाली बसवतात. दंडाच्या पावत्या पेटीत कुलपात. अरे, पावतीवरची तारीख, नाव वाचणार कोण? एकाची पावती उघडली तर तिच्यावर भलत्याचेच नाव निघाले. आधी कळले म्हणून दुसरा पुरावा जोडता आला. एका पुराव्यावर भागत नाही, निदान दोन लागतात.

आता जबाबाचे. वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे, पण तो दावेदार सोडून दुसऱ्याचा पाहिजे. स्वतःच्या दाव्यात स्वतःचा जबाब चालत नाही. शेजारच्या पाड्यावरचा आजा बोलवा. तो बोलेल तसेच लिहा. एका ठिकाणी आजा म्हणाला, "आमी बापापासून कसत आलो." पोराने शाळेच्या मराठीत लिहिले, "अतिक्रमण केले." त्याच्या मनात वाईट नव्हते, तोच शब्द त्याने नोटिशीत वाचलेला. पण आजाने अंगठा दिला असता तर कसणारा माणूस स्वतःच्याच जबाबात चोर ठरला असता. शेजारी बसलेल्या नातीने कागद मोठ्याने वाचला, तेव्हा आजा ताडकन म्हणाला, "ह्ये मी नाय बोललो." म्हणून लिहिलेले वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. पोरांनो, आजाने दोनदा अडवले तरी चिडू नका. आणि आजोबा, पोरगे पुन्हा पुन्हा विचारते ते तुमच्यावर संशय म्हणून नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे, साल चुकले तर दावा अडकतो.

दाव्यात नवरा-बायको दोघांचीही नावे घाला. हे म्हाताऱ्यांना पटत नाही, ठाऊक आहे. कायदाच तसा आहे.

येत्या रविवारी राहिलेले जबाब लिहू. येताना पेट्या आणा, किल्ल्यासकट.