दालनावरची पाटी



मोठ्या कचेरीत नव्याने रुजू झालेल्या मनुष्याची पहिली अडचण कामाची नसते. काम तो थोडेफार शिकूनच आलेला असतो. कोणती गोष्ट कोणाला विचारावी, हे त्याला ठाऊक नसते, ही त्याची खरी अडचण. जुन्या कचेऱ्यांत ह्यावर साधा उपाय होता. दारांवर पाट्या असत, आणि पाटीवरून उलगडा न झाल्यास दारापाशी स्टुलावर बसलेला शिपाई असे. आजच्या कंपन्यांतून बरेचसे विचारणे-सांगणे ज्या दालनांत चालते, त्यांना भिंती नाहीत आणि त्यांचे दारही कोणाला दिसत नाही. ही दालने संगणकाच्या पडद्यावर असतात. त्यांच्या पाट्या कोठे लावाव्यात, त्यांवर काय लिहावे आणि काय लिहू नये, ह्याविषयी आज मी थोडे बोलणार आहे.

हैदराबादकरांना हा विषय परका वाटू नये. १९९८ साली सायबर टॉवर्सची इमारत उघडली, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले विकास केंद्र ह्या शहरात सुरू केले. तेव्हापासून हायटेक सिटी आणि गच्चीबावलीच्या बाजूस जे नवे शहर वसले, त्यात नांदेड, लातूर, उदगीर ह्या भागांतून आलेली आपली मुलेमुलीही कामाला आहेत. त्यांच्या तोंडी 'चॅनेल' हा शब्द वारंवार ऐकू येतो. हे चॅनेल दूरदर्शनचे नव्हे. एका गटातील माणसांनी एखाद्या विषयावर लिहून बोलण्यासाठी राखलेली जी जागा, तिला ते चॅनेल म्हणतात. मी तिला दालन म्हणेन.

अशी दालने पुरवणारी 'स्लॅक' ही सोय २०१४ साली सर्वांसाठी खुली झाली. मायक्रोसॉफ्टची 'टीम्स' २०१७ साली आली. त्यापूर्वी कचेरीतील व्यवहार मुख्यतः ई-पत्राने चाले. पत्र हे व्यक्तीच्या नावे जाते. ज्याला ते गेले त्याने नोकरी सोडली, की त्यातील माहितीही बहुधा त्याच्याबरोबर गेली. दालनातील बोलणे विषयाच्या नावे जमा होते. सहा महिन्यांनी गटात आलेल्या मनुष्यालाही सर्वांसाठी असलेल्या दालनातले मागचे सारे वाचता येते. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्यासाठी ते दालन अस्तित्वात आहे एवढे तरी त्याला कळावयास हवे, आणि अडते ते तेथेच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी येथील एका कंपनीत लागली. तिला एका यंत्रणेत प्रवेशाची परवानगी मिळेना. तिने वरिष्ठांस विचारले, त्यांनी दुसऱ्याचे नाव सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याचे. आठवडा असा गेला. शेवटी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मुलीने सहज सांगितले, की अशा अडचणींसाठी एक निराळे दालन आहे. तेथे विचारल्यावर अर्ध्या तासात काम झाले. शेजारची मुलगी हैदराबादची, तिचे दोन वर्गबंधू त्याच कंपनीत होते. उदगीरहून आलेल्या मुलीचे कोणीच नव्हते. जेथे पाटी नसते तेथे ओळख चालते, आणि ज्याची ओळख नाही तो आठवडाभर दारे शोधीत फिरतो.

ह्या गावाला हा अनुभव नवा नाही. निजामाच्या राज्यात महसुलाचे दोन दफ्तर होते. दफ्तर-ए-दिवाणी हा मराठवाड्याकडील मुलखाचा आणि दफ्तर-ए-माल हा तेलंगणाकडील. पहिला रायरायान ह्या मराठी घराण्याकडे वंशपरंपरेने होता, तर दुसरा मालवाला ह्या कायस्थ घराण्याकडे. कोणत्या गावचा सारा किती आणि कोणत्या जहागिरीचा आधार काय, ही माहिती राज्याची खरी. पण ती त्या घराण्यांच्या ताब्यात होती. तिच्यासाठी दिवाणालाही त्यांच्याच दारी जावे लागे. १८५३ ते १८८३ ह्या काळात दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी ही सत्ता क्रमाक्रमाने सरकारी खजिन्याकडे आणि महसूल खात्याकडे आणली. त्याच दफ्तराच्या परंपरेतून पुढे तारनाक्याचे राज्य अभिलेखागार उभे राहिले. तेथे आज कागदांच्या याद्या आहेत, आणि अभ्यासकाला रीतसर अर्ज करून कागद पाहता येतो. यादी झाली म्हणून प्रत्येक कागद चव्हाट्यावर आला असे मात्र नाही. कागद आहे हे कळणे आणि कागद वाचावयास मिळणे, ह्या दोन पायऱ्या तेथे वेगळ्या ठेवल्या आहेत.

हाच विवेक आजच्या कंपनीला उपयोगी पडणारा आहे. बहुतेक कंपन्यांत कर्मचाऱ्यांपुरते एक अंतर्गत संकेतस्थळ असते. त्याला इंट्रानेट म्हणतात. रजेचे नियम, सुट्ट्यांची यादी, परिपत्रके तेथे लावलेली असतात. त्याच पानावर दालनांची यादी लावावी, ही सूचना साधी आहे. पण ती अमलात आणताना तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न, पाटीवर काय असावे? नुसते नाव पुरत नाही. पुष्कळ गटांत पहिल्या दालनाचे नाव 'जनरल' असेच पडलेले असते. पानावर अशी वीस 'जनरल' एकाखाली एक आली, तर वाचणाऱ्याला बोध काय होणार? म्हणून दालनाचे नाव, ते कोणत्या गटाचे, तेथे कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळतात हे सांगणारे एक स्वच्छ वाक्य, दालन चालविणाऱ्याचे नाव, आणि प्रवेश थेट आहे की मागावा लागतो, एवढ्या पाच गोष्टी हव्यात.

दुसरा प्रश्न, यादी कोणी करावी? हाताने केलेली यादी आरंभी सुबक असते आणि काही महिन्यांत शिळी होते. नवी दालने निघतात, जुनी ओस पडतात, नावे बदलतात. यंत्राकडून यादी मागविण्याची सोय आहे. 'मायक्रोसॉफ्ट ग्राफ' नावाच्या मार्गाने टीम्समधील दालनांची नावे, वर्णने, प्रकार आणि दुवे आपोआप पानावर आणता येतात, आणि ती सदैव ताजी राहतात. मात्र वर्णनाची जागा कोणी भरलीच नसेल, तर यंत्र ती रिकामी जागाच इमानाने आणून दाखवील. ते एक वाक्य माणसानेच लिहावयाचे आहे. मुलांना निबंधाचे शीर्षक द्यावयास सांगितले, की निम्मा वर्ग 'माझा निबंध' असे लिहितो. कचेरीतील प्रौढांची तऱ्हा फारशी निराळी नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. यंत्राला कोणता अधिकार द्यावा? येथे दोन भेद ध्यानात घ्यावे लागतात. दालनांची नावे व वर्णने वाचण्याची परवानगी वेगळी, आणि दालनातील संदेश वाचण्याची वेगळी. पाटीसाठी पहिली पुरे आहे. तरीही पान चैतन्यमय दिसावे म्हणून दालनातील ताजे संदेश दर्शनी पानावर झळकविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा. आमच्या शाळेत शिक्षक-कक्षाच्या दारावर पाटी आहे; आत कोण काय बोलले, ते आम्ही बाहेरच्या फळ्यावर लिहीत नाही. दहा सहकाऱ्यांसमोर 'मला हे समजले नाही' असे म्हणणारा मनुष्य, हजारांनी ते वाचावयाचे आहे हे कळताच गप्प बसेल. मग दालन उरेल, पण त्यात विचारणारा कोणी उरणार नाही.

दुसरा भेद असा. पान माहिती आणते ती एकतर ते उघडणाऱ्याच्या अधिकाराने, किंवा स्वतःच्या स्वतंत्र अधिकाराने. पहिली रीत निर्धोक आहे. पण तिच्यामुळे मनुष्याला बहुधा तो आधीच ज्या गटांत आहे त्यांचीच दालने दिसतात. नवागताच्या पदरी काहीच पडत नाही. दुसऱ्या रीतीने सारी दालने दिसतात, आणि त्यांत खासगी दालनेही येतात. टीम्समध्ये अशी खासगी दालने २०१९ पासून काढता येतात. एखाद्याच्या वर्तणुकीची चौकशी, पगाराचा विचार, एखादा विभाग बंद करण्याची बोलणी ही कामे अशाच दालनांत चालतात. तेथे आतला एक शब्दही बाहेर पडला नाही, तरी नुसत्या नावानेच घात होतो. ज्याचे नाव चौकशीच्या दालनावर सर्वांनी वाचले, तो पुढे निर्दोष ठरला, तरी त्याला पूर्वीसारखा मान मिळेलच असे नाही.

तेव्हा मार्ग मधला आहे. पानाने स्वतंत्र अधिकाराने यादी आणावी, पण नावे व वर्णने ह्यांपलीकडे काही मागू नये. खासगी दालने चाळणी लावून आधीच वगळावीत. उरलेल्यांपैकीही ज्या दालनाच्या चालकाने 'आमची पाटी लावा' असे सांगितले असेल, तेच दाखवावे. असे सांगताना त्याने वर्णनाचे वाक्य लिहिलेच पाहिजे, असा नियम करावा; म्हणजे रिकाम्या पाटीचा प्रश्नही सुटेल. दर तीन महिन्यांनी चालकास विचारावे, की दालन चालू आहे काय. उत्तर आले नाही तर पाटी उतरवावी. कारण नवख्या मनुष्याने धीर करून प्रश्न विचारावा आणि ओस दालनातून त्याला उत्तरच येऊ नये, ह्यासारखी निराशा दुसरी नाही.

हे सारे करावयास मोठा खर्च येत नाही. एखाद्या जाणत्या कारागिराचे काही दिवसांचे काम, आणि प्रत्येक चालकाची दहा मिनिटे. आपल्यापैकी ज्यांची मुले, भावंडे वा शेजारी अशा कंपन्यांत अधिकाराच्या जागी असतील, त्यांनी आज घरी त्यांना एवढेच विचारावे : तुमच्या कचेरीत उद्या कोणी अनोळखी मुलगी रुजू झाली, तर आपला प्रश्न कोठे विचारावा हे तिला कोणालाही न विचारता कळेल काय?