दारातली पाच मिनिटे

(मिरजगाव येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



धंदा करणाऱ्या बाईच्या दाराशी गिऱ्हाईक येते, त्या वेळच्या पाच मिनिटांबद्दल मी आज बोलणार आहे. बाई या धंद्यात का आली, तिने यावे की नाही, यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. समोरच्या माणसाला आत घ्यायचे की परत पाठवायचे हे कोण ठरवते, हे मात्र कुणी विचारत नाही. मार खाल्लेल्या, लुबाडलेल्या बायका आमच्याकडे येतात, तेव्हा बोलता बोलता गोष्ट बहुतेक वेळा त्या पाच मिनिटांपाशी येते.

जुन्या वस्तीत ही पारख कशी चालते ते आधी सांगते. सांगलीचे गोकुळनगर घ्या. मीना शेषू आणि त्यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून सांगलीत या बायकांबरोबर काम केले, आणि १९९६ साली बायकांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ‘वेश्या’ हा शब्द त्यांनी नावातच ठेवला, म्हणून तो उच्चारताना मीही अडखळत नाही. अशा वस्तीत बाई उंबऱ्यात बसलेली असते. येणारा माणूस गल्लीच्या तोंडापासून दिसतो. पिऊन आलाय का, एकटा आहे की मागे चौघे उभे आहेत, बोलताना नजर कुठे फिरते, हे ती बघते. शेजारणीला विचारते, हा आधी कुणाकडे आला होता का? मग भाव ठरतो, पैसे आधी हातात येतात, निरोध वापरणार का हे आधीच विचारले जाते. नाही म्हणाला तर वाटेला लाव.

पण एकटीने वाटेला लावून भागत नाही. तो पुढच्या दारात जातो, आणि हिच्या घरी संध्याकाळी चूल पेटत नाही. ऊसतोडीच्या दरासाठी एकाच टोळीने कोयता बंद ठेवला तर मुकादम दुसरी टोळी आणतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथेही तेच. एकीने परत पाठवलेला दुसरीनेही घ्यायचा नाही असे बायकांनी मिळून ठरवले, की निरोधाला नाक मुरडणारा माणूस सरळ होतो. संघटनेचा खरा उपयोग मला इथे दिसतो, मोर्चापेक्षाही जास्त.

गिऱ्हाईकाने कसे वागावे याचीही रीत असते. शुद्धीवर यावे, ठरले तेवढेच करावे, फोटो काढू नये, खरे नाव-गाव खोदून विचारू नये, बाई नको म्हणाली तर हुज्जत न घालता उठावे. पैसे दिले म्हणजे बाई विकत घेतली, असा समज घेऊन जो येतो तोच पुढे हात उगारतो. आपल्या शेजारी जामखेडला कला केंद्रे आहेत. तिथल्या बायका नाचगाण्यावर पोट भरतात, त्यांना या धंद्यात मोजू नका. पण बैठकीचा रिवाज बघा: माणसाने बसायचे, फर्माईश करायची, पैसे द्यायचे, अंगाला हात लावायचा नाही. रिवाज मोडणाऱ्याला आवरायला तिथे पार्टीतल्या साऱ्याजणी असतात. तरीही २०२५ च्या जुलैत दौंड तालुक्यात चौफुल्याजवळ एका कला केंद्रात गोळीबार झाला. चार माणसांच्या देखत असे होते, तर बंद खोलीत एकटीचे काय?

आता तर धंदा फोनवर आला आहे. एस्कॉर्ट एजन्सी म्हणून जाहिरात असते, माणूस फोटो बघून फोन करतो, एजन्सी आगाऊ पैसे घेते आणि बाईला लॉजचे नाव कळवते. आम्ही गिऱ्हाईक तपासून घेतो, असे एजन्सीवाले सांगतात. तपासतात ते पैसे. खोलीत एक आहे की तिघे, हे बाईला दार उघडल्यावर कळते, आणि परत फिरली तर रिक्षाचे भाडे तिच्या अंगावर आणि एजन्सीची बोलणी वर. (आगाऊ पैसे बुडाले म्हणून रडणारे पुरुषही असतात. त्यांची कीव करायला मला सवड नाही.) उंबऱ्यात बसून बघण्याची सोय गेली, शेजारीण गेली. म्हणून शहाण्या बायका आपल्या परीने बंदोबस्त करतात. आधी स्वतः फोन करून माणसाचा आवाज ऐकतात. लॉजचे नाव, खोलीचा नंबर एका मैत्रिणीला सांगून ठेवतात. ठरल्या वेळेला तिचा फोन येतो, आणि ‘बाळाला ताप आहे का?’ अशा साध्या प्रश्नातून काय ते कळते. एकापेक्षा जास्त पायताणे दाराबाहेर दिसली तर जिन्यावरूनच माघारी.

आता कायदा बघू. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा धंदा करणाऱ्या बाईला केवळ त्या कारणाने गुन्हेगार ठरवत नाही. पण दोघी बायकांनी एकमेकींच्या सोबतीसाठी एका खोलीत धंदा केला, तर दोघींच्या फायद्याची जागा म्हणून ती खोली कुंटणखाना ठरू शकते. तिच्या कमाईवर जगणाऱ्या सज्ञान माणसाला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दलालाला हे लागलेच पाहिजे, पण म्हातारी आई आणि अठरा वर्षांवरचा मुलगाही त्यात सापडू शकतो. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे हा गुन्हा, म्हणून तिथे पाच मिनिटांची दोन होतात आणि माणूस धड न बघताच ती त्याच्याबरोबर जाते.

न्यायालयांनी मात्र काही चांगले सांगितले आहे. एका पोलीस निरीक्षकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली म्हटले की बाईचे चारित्र्य कसेही असो, तिच्या मर्जीविरुद्ध तिच्या खाजगी आयुष्यात घुसण्याचा कुणाला हक्क नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन सज्ञान मुलींना सुधारगृहातून सोडायला सांगितले. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, स्वतःच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षेसाठी या बायका जी काळजी घेतात ती गुन्हा नाही आणि गुन्ह्याचा पुरावाही नाही, असे स्पष्ट केले. पर्समधला निरोध दाखवून केस करणाऱ्यांनी हे वाचावे. धाडीत बाईला अटक करू नये ही शिफारस मात्र केंद्र सरकारच्या हरकतीमुळे मागे पडली.

आता तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आले असेलच, की ही बया आमच्या गावात धंदा शिकवायला आली काय? बायांनो, जी मुलगी अठराच्या आत आहे, किंवा जिला फसवून, विकून आणले आहे, तिच्या बाबतीत गिऱ्हाईकाची पारख हा शब्दच खोटा आहे. तिथे आत शिरणारा प्रत्येक जण गुन्हेगार. अल्पवयीन असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो, आणि विकून आणलेली आहे हे माहीत असून जाणाऱ्याला २०१३ पासून तुरुंगाची तरतूद आहे. नगरला गिरीश कुलकर्णींनी १९८९ साली ‘स्नेहालय’ सुरू केले तेच या बायकांच्या मुलांसाठी, त्यांची पुढची पिढी यात ओढली जाऊ नये म्हणून. मी सज्ञान बाईबद्दल बोलते आहे, जी कर्जापायी म्हणा, टाकलेली म्हणून म्हणा, हे काम करते आणि रात्री जिवंत घरी परतू इच्छिते.

मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर आहे. रस्ता आला की ढाबे आले, लॉज आले. गावातली एखादी ‘दवाखान्यात कामाला जाते’ असे सांगून एसटीने जाणारी बाई उद्या सुजलेला चेहरा घेऊन तुमच्या दारात उभी राहील. तिथे कशाला मेली होतीस, हा प्रश्न त्या रात्री गिळून टाका. आधी सरकारी दवाखाना. कपडे धुवू देऊ नका. घटना कुठेही घडलेली असो, जवळच्या ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. वकील परवडत नसेल तर कर्जतच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तातडीला ११२, बायकांसाठी १८१, लहान मुलगी असेल तर १०९८. ठाण्यात तिच्याबरोबर दोघीजणी जा. तक्रार तिला वाचून दाखवायला लावा, तिने सांगितले तेच उतरले आहे ना ते ऐका, मग तिला सही करू द्या, आणि प्रत हातात पडल्याशिवाय बाकावरून उठू नका. ती फुकट असते.