पाणी आधी शेवटच्या चारीला



तुमची पत्रं येतात, गावी गेलो की लोक गाठून विचारतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "साहेब, आमच्या तालुक्यात धरण होऊन इतकी वर्षं झाली, यंदा ते काठोकाठ भरलंय, मग आमच्या गावाचं भलं का होत नाही?"

धरण किती भरलं, यावरून गावाचं उत्पन्न ठरत नाही. आधी उपयुक्त साठा बघा. उजनी धरणात 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं सुमारे 63 टीएमसी मृत साठा आहे. उरलेल्यातून बाष्पीभवन आणि पिण्याचं आरक्षण वजा केलं, की मग आवर्तनाचा हिशेब सुरू होतो. हे सगळं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीला तुमच्या गावाचं बहुतेक वेळा कुणी नसतं. ते जाऊ द्या.

मला आज सांगायचंय ते टेलबद्दल, म्हणजे कालव्याच्या शेवटाबद्दल. कालव्याच्या शेवटच्या चारीला पाणी पोचत नसेल, तर त्या धरणाचा फायदा मूठभर शिवारांपुरताच राहतो. तोंडाकडचा शेतकरी कालव्याला डोंगळे टाकतो, दाराची फळी काढतो, ठरलेली शेजपाळी मोडून रात्री पाणी घेतो. पाटकरी एकटा, तो कुणाकुणाला अडवणार? रान तुडुंब भिजतं, उसाला गरज नसताना पाणी बसतं, आणि दहा-पंधरा किलोमीटर खाली हरभरा फुलात असताना करपतो.

आता यातलं अर्थशास्त्र. एक एकर उसाला वर्षभरात जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात गव्हाचे चार-पाच एकर सहज निघतात. रब्बी ज्वारी पोटरीत आली असताना एखादी पाळी मिळाली, तरी उतारा कुठल्या कुठे जातो. म्हणजे तेच पाणी पसरलं, तर जास्त घरांत धान्य आणि जनावरांना कडबा येतो, डेअरीला दूध जातं. मग खताचं दुकान चालतं, टेम्पोला भाडं मिळतं, आठवडी बाजारात उलाढाल होते, आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याला गावातच मजुरी मिळते. परिसराला फायदा होतो तो असा. भंडारदरा धरण 1926 साली झालं आणि प्रवरेच्या पट्ट्यात 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ही गोष्ट सगळे सांगतात. सांगावीच. पण कारखान्याच्या धुराड्याकडे बघताना कालव्याच्या शेपटाकडे कुणी बघत नाही.

शेपटाकडे बघितलं तर काय होतं? नाशिक जिल्ह्यात वाघाड धरण आहे, दिंडोरी तालुक्यात. ओझरचं शिवार त्या कालव्याच्या टेलला. तिथं पाणी पोचत नव्हतं. 1990च्या सुमारास बापू उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि महात्मा फुले, जय योगेश्वर, बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी मोजून घेतलं, मोजून वाटलं. बाणगंगा नदीवरच्या बंधाऱ्यांत कालव्याचं पाणी सोडून विहिरी भरून घेतल्या, आणि त्या विहिरींच्या पाण्यालाही पट्टी लावली. पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात मिळून 24 संस्था झाल्या आणि सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांनी चालवायला घेतला. आज तिथं द्राक्षबागा आहेत. छाटणी, विरळणी, काढणी, पॅकिंग, सगळ्याला माणूस लागतो. हे टेलला घडलंय, मंडळी. तोंडाला नव्हे, टेलला!

म्हणून सांगतो: पाळी सुरू झाली की पाणी आधी शेवटच्या चारीला द्या आणि तिथून वर या. तोंडाकडच्यांना पाणी कुठं पळून जाणार आहे? ते दारातून वाहतंय. खालच्याचं भिजलं की तुमचंही भिजेलच. पण तुमचं आधी भिजलं, तर खालच्याचं भिजेल याची खात्री नाही. सभेत सगळे माना डोलावतात आणि रात्री तेच हात फळी उचलतात. राग येतो मला, स्पष्ट सांगतो. खालच्या शिवारात कदाचित तुमचीच लेक दिलेली असते हो!

   

आणि ज्यांची गावं धरणाच्या पोटात गेली, त्यांच्या नव्या वसाहतीला पाणी मिळतंय का, हे पाणी वापर संस्थेच्या पहिल्याच सभेत विचारा. त्यांनी आपली जमीन दिली म्हणून तुमच्या चारीला पाणी आहे.

शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005च्या कायद्यानं पाणी वापर संस्थेला घनमापन पद्धतीनं ठरलेला कोटा मिळतो, आणि त्यात कोणतं पीक घ्यायचं हे तुम्ही ठरवता. संस्था नसेल तर शाखा अभियंत्याकडे जाऊन आपल्या चारीचा नकाशा आणि लाभधारकांची यादी मागा. संस्था असेल तर यंदाची शेजपाळी टेलकडून लिहून घ्या, ती चावडीवर लावा, आणि पहिल्या पाळीला चार माणसं शेवटच्या दारावर उभी करा. पाणी मागणीचा नमुना सातचा अर्ज मुदतीत भरा, मागची पाणीपट्टी थकली असेल तर आधी ती चुकती करा. रब्बीचं आवर्तन जवळ आलंय.