सीन कुठला, ते सांगा



मी सॉफ्टवेअरमधला माणूस, सिनेमा कुठे शिकलेलो नाही. तरी गेल्या वर्षी विद्यापीठातल्या काही मुलामुलींना चित्रपट परीक्षण लिहायला शिकवायचं काम अंगावर आलं. पाच-पाच जणांचे गट केले आणि सगळ्यांना एकच सिनेमा दिला: एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा'. फाळणीनंतरही आग्रा न सोडणाऱ्या, बुटांचा कारखाना चालवणाऱ्या सलीम मिर्झाची गोष्ट.

पहिले मसुदे आले. 'आपल्या लोकांची खरी व्यथा.' 'मुसलमानांना नुसतं बिचारं दाखवलंय.' दोन्ही वाक्यं सिनेमा न बघताही लिहिता आली असती. एका गटाचं सगळं लिखाण तर एकाच मुलीचं, बाकी चौघांची फक्त नावं. (इंजिनिअरिंगला आम्हीही हेच केलंय, म्हणून लगेच ओळखलं.)

आमच्याकडे दुसऱ्याचा कोड तपासताना 'बरोबर वाटत नाही' एवढ्यावर भागत नाही, ओळ दाखवावी लागते. तोच नियम लावला: मत मांडा, पण सीन दाखवा. कामंही वाटून दिली. एकाने आवाज ऐकायचा, एकाने कॅमेरा बघायचा, एकीने कोण बोलतं आणि कोण गप्प आहे ते टिपायचं, एकाने संदर्भ शोधायचे. पाचव्याने सगळ्यांच्या विरुद्ध बोलायचं.

संदर्भवाल्याला सापडलं की दंगे होतील या भीतीने सेन्सॉरने हा सिनेमा कित्येक महिने अडवला होता, आणि पुढे त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. पण खरा वाद लावला तो गप्प माणसं टिपणाऱ्या मुलीने. हवेली सोडताना म्हातारी आजी लपून बसते, तिला कुणी विचारलं होतं का? शेवटी सलीम मिर्झा टांग्यातून उतरून मोर्चात जातो आणि बायकोला घरी पाठवतो. मग ही आशा नेमकी कुणाची?

एक मुलगा चिडला. "भाई, आपल्याला बोल लावणारे बाहेर कमी आहेत का? आपली बाजू मांडणाऱ्या सिनेमात आपणच खोट काढायची?"

त्याचा राग मला कळतो. मी एवढंच म्हणालो, उद्या आपल्याला खलनायक करणाऱ्या सिनेमावर लिहिशील, तेव्हा लोक तुझं आधीचं लिखाण बघतील. आवडत्या सिनेमाला सूट दिली असेल, तर नावडत्याबद्दलचं तुझं म्हणणं कोण ऐकेल?

त्याला ते पटलं नाही. गटाने दोन्ही मतं परीक्षणात ठेवली, कुणी काय केलं तेही खाली लिहिलं. त्याने आपला परिच्छेद वेगळा लिहिला: टांग्यातून आधी सिकंदर उतरतो, बाप त्याच्या मागून, म्हणून शेवट तरुणांचा आहे.

सीन बरोबर होता.