शहराची वेस आणि पैठणचा रस्ता

(पैठण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उपनगरांची वाढ हा मुंबई-पुण्याकडचा विषय, त्याचे पैठणला काय, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो स्वाभाविक आहे. परंतु नगरांच्या चढउताराचा अनुभव या भूमीइतका फार थोड्यांना असेल. सातवाहनांची ही राजधानी. येथून भडोच बंदराकडे मालाच्या गाड्या जात आणि हे अंतर वीस दिवसांचे होते, अशी नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात आढळते. मलिक अंबरने खडकी वसविली ती त्यानंतर दीड हजार वर्षांनी, १६१० साली. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखली जाते. पन्नासएक किलोमीटरवरचे ते शहर आता पैठणच्या दिशेने सरकत आहे.

१९७१ च्या सुमारास त्या शहराची वस्ती दीड लाखाच्या आसपास होती. १९९१ च्या जनगणनेत ती ५ लाख ७३ हजारांवर गेली आणि २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार झाली. यात हद्दवाढीचाही वाटा आहे हे खरे; १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा आजूबाजूची खेडी शहरात आली. तथापि माणसे आली ती हद्दीच्या रेषेमुळे नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीचा भरवसा संपविला होता. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढत होती. पुढे १९८० च्या दशकात वाळूजला बजाज ऑटोसारखा मोठा कारखाना आला आणि त्याला सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने त्याच्याभोवती उभे राहिले. कामगाराला हजेरीच्या वेळेपूर्वी फाटकाशी पोहोचायचे असते. म्हणून तो शहरात घर न पाहता रांजणगाव शेणपुंजीत खोली पाहतो. एरवी दिवाबत्ती आणि गावविहीर सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतीवर अशा रीतीने एका नगराची सांडपाण्याची आणि कचऱ्याची जबाबदारी येऊन पडते. कारखान्याची जागा शासन आखते. कामगाराच्या खोलीची जागा मात्र कोणीच आखलेली नसते.

येथे गुंठ्याचा हिशेब पाहणे उद्बोधक ठरेल. एकराचे गुंठे चाळीस. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. वीस बाय तीसचा भूखंड पाडला तर एका गुंठ्यात पुरता एक बसून वर थोडी जागा उरते. ती उरलेली जागाच रस्ता, गटार आणि मोकळ्या मैदानासाठी असावयास हवी. पण विकणारा तीही विकतो. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीच झाला. तो चुकविण्यासाठी मुद्रांकावर करार होऊ लागले, किंवा एकाच सातबाऱ्यावर अनेक नावे चढू लागली. अखेर २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत नेण्यात आली. २०२५ मध्ये नागरी क्षेत्रापुरती तुकडेबंदी शिथिल करण्याचे धोरणही शासनाने जाहीर केले. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर बांधले त्यांना हा दिलासा मिळालाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र नियमित झालेल्या गल्लीची रुंदी कागदाने वाढत नाही. आग विझविणारा बंब तेथे कालही शिरत नव्हता.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. शंभरावर गावांनी त्यासाठी आपली जमीन सोडली. ती सोडताना त्यांच्यासमोर मराठवाड्याच्या शेतीचे चित्र होते, आणि कालव्यांनी ते बऱ्याच अंशी साकारही केले. पण त्याच नाथसागराने शहराची तहान भागविली. पाणी येथून फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रात आणि तेथून नक्षत्रवाडीकडे उपसले जाते. ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या नलिका वाढत्या वस्तीला अपुऱ्या पडल्या. दारी नळ असूनही अनेक दिवसांच्या अंतराने पाणी, अशी शहराची स्थिती झाली, तेव्हा २५०० मिलिमीटर व्यासाच्या नलिकेची नवी योजना हाती घेण्यात आली. ज्या रस्त्याने पाणी शहरात जाते त्याच रस्त्याने शहर पैठणकडे येते, हे आपण ध्यानात घ्यावे. नक्षत्रवाडी, कांचनवाडी, चितेगाव, बिडकीन हा क्रम आपणा सर्वांना पाठ आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक ही नवी उद्योगनगरी आखली गेली आहे. म्हणजे शहराची पुढची वेस कोठे असेल हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही.

आखणी आधी आणि घर नंतर, असे आपल्याकडे कधी घडलेच नाही, असे मात्र समजू नये. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याचे रस्ते व गटारे वस्तीपूर्वी आखली गेली. १९७० च्या दशकापासून सिडकोने औरंगाबादेत नवी वसाहत उभारली तीही याच क्रमाने. तिच्यात उणिवा निघतील. तरी तेथे रस्ता शोधावा लागत नाही. याउलट सातारा-देवळाईत घरे आधी झाली. २०१४ मध्ये तेथे नगरपरिषद घोषित झाली, लवकरच तो भाग महापालिकेत गेला, आणि एवढ्या अवधीत टँकर मात्र बदलला नाही.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात नगररचना योजना नावाची तरतूद आहे. तिच्यात शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून आधी रस्ते, शाळा व मैदाने यांची जागा काढली जाते आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत मिळते. हे काम वेळखाऊ आहे आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एकमत करणे त्याहून अवघड. पण गुंठ्यागुंठ्याने विकणाऱ्याच्या हाती एकदाच पैसा येतो. वाढत्या किमतीचा पुढचा लाभ त्याला दिसतो तो दुसऱ्याच्या अंगणात. बिडकीनच्या अलीकडे, पैठणच्या बाजूला, अजून मोसंबीच्या बागा आणि कपाशीची शेते सलग उभी आहेत. तेथील ग्रामसभांनी आपापल्या गावाचा नकाशा एकदा चावडीवर मांडावा, भावी रस्त्यांच्या व नाल्यांच्या रेषा त्यावर ओढाव्यात आणि नगररचना विभागाकडे तशी मागणी नोंदवावी, अशी माझी सूचना आहे. ओढे बुजण्यापूर्वी त्यांची मोजणी करून घेतली तर ते काम थोड्या खर्चात होईल. श्रोत्यांपैकी काही सरपंच येथे उपस्थित आहेत. नकाशा कसा वाचावा, मागणी कोणत्या नमुन्यात करावी, यासंबंधी त्यांचे प्रश्न असल्यास मी सभेनंतर येथेच थांबणार आहे.